एसी सोडा, रस्त्यावर या : प्लेगनंतरची सुरत महापालिका

१९९४ चा सप्टेंबर. अनंत चतुर्दशी होऊन तीन-चार दिवस झाले असतील, माझा धाकटा काका सुरत-भुसावळ पॅसेंजरनं अमळनेरला उतरला आणि तिथून चालत गावात आला. तोंडाला रुमाल, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, खिशात टेट्रासायक्लिनची अर्धी पट्टी. कतारगामला लूमवर कामाला होता, खोली वेडरोडला. आजी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आंगनमाच थांब रे बेटा." सख्ख्या लेकाला तिनं घरात घेतलं नाही. विहिरीवर अंघोळ, कपडे चुलीवरच्या हंड्यात उकळले, आणि पुढचे आठ दिवस काका गोठ्यात झोपला. ताटसुद्धा लांबून सरकवायचे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि काका गोठ्यात का झोपतो हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की सुरतेत पिलेग आलाय.

खानदेशातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट अशीच घडलीये. लिंबायत, उधना, वेडरोड, अर्धा खानदेश तिकडे पोटासाठी गेलेला, त्यामुळे सुरतेत काही झालं की आमच्याकडे थेट चुलीपर्यंत बातमी येते. म्हणूनच हे प्रकरण मला पुस्तकातलं वाटत नाही. आज मी कंपन्यांमध्ये कामाची पद्धत बदलायच्या प्रोजेक्टवर काम करतो, पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि बदल कसा घडतो असं कोणी विचारलं की मी जपानी कंपनीचं उदाहरण न देता सुरत महापालिकेचं देतो. नीट लिहून काढायचं कधीपासून मनात होतं, ते आता लिहितोय.

आधी परिस्थिती समजून घ्या. १९८१ ला सुरतची लोकसंख्या पावणेआठ लाख, १९९१ ला जवळपास पंधरा लाख, म्हणजे दहा वर्षांत शहर दुप्पट झालं. हिरे आणि पॉवरलूम, दोन्ही धंदे तेजीत, सौराष्ट्र, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि आपला खानदेश, चारी दिशांनी माणसं येत होती. पैसा बक्कळ, पण गटारं, नळ, संडास, कचऱ्याच्या गाड्या हे सगळं जुन्या छोट्या शहराच्या मापाचं. तापीकाठच्या सखल भागात दर पावसाळ्यात पाणी भरायचं. त्या वर्षी पाऊस जास्त झाला, पूर आला, पाणी ओसरल्यावर चिखल, कचरा, मेलेली जनावरं तशीच पडून राहिली. तिकडे आपल्या बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग सापडला होता, आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. वेडरोडच्या बाजूनं माणसं पटापट आजारी पडायला लागली. सरकारी आकड्याप्रमाणे पन्नासच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक सुरतेतली. आकडा फार मोठा वाटत नाही ना? पण काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून पळाली, त्यात बरेच खासगी डॉक्टरही होते, औषधाच्या दुकानांतनं टेट्रासायक्लिन संपलं, आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली, निर्यातीचा माल अडकला. "सुरतनुं जमण अने काशीनुं मरण" (जेवण सुरतेचं आणि मरण काशीचं) असं जे गुजराती लोक मोठ्या अभिमानानं म्हणायचे त्या शहराचं नाव निघालं तरी लोक नाक दाबायला लागले.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. आणि त्यानंतरची गोष्ट लोक अशी सांगतात की मग एस. आर. राव नावाचे कडक आयएएस अधिकारी आले, त्यांनी बुलडोझर फिरवला, आणि शहर चकाचक झालं. मला या सांगण्याचाच त्रास होतो. राव कडक होते, बुलडोझरही फिरला, खोटं काही नाही त्यात. पण एवढंच सांगितलं की ऐकणारा म्हणतो, "आमच्याकडे असा माणूस नाही ना, काय करणार", आणि विषय तिथंच संपतो. खरं काम कुठे झालं ते बघायचं राहूनच जातं.

एक तारीख नीट बघा. प्लेग सप्टेंबर १९९४ ला आला आणि काही आठवड्यांत ओसरला. राव आयुक्त म्हणून आले मे १९९५ ला. मधे आठ महिने गेले! संकट आलं की संस्था आपोआप बदलते असं आपण समजतो ना, "धक्का बसला की सुधारतात", त्याला हे आठ महिने उत्तर आहेत. प्लेगच्या दिवसांत पावडर मारली, ढिगारे उचलले, बाहेरनं मदत आली, सगळं झालं. पण ती आग विझवायची धावपळ होती. महापालिकेचं रोजचं काम कसं चालतं, कोण कुणाला विचारतं, कुणाच्या सहीनं काय हलतं, यातलं काहीच बदललं नव्हतं, त्यामुळे गाडी परत जुन्याच चाकोरीत. मी स्वतः फॅक्टरीत हे पाहिलंय, मोठा अपघात झाला की महिनाभर सगळे हेल्मेट घालतात, दुसऱ्या महिन्यात हेल्मेट खुंटीला.

मग या आठ महिन्यांनंतर वेगळं काय झालं.

पहिली गोष्ट, तीच महापालिका, तेच कर्मचारी, तेच मुकादम, तोच कायदा. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जोर देऊन सांगतो. नवीन फौज आणली नाही. कायदा कुठला, तर मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९, जो बीपीएमसी ॲक्ट म्हणून ओळखला जायचा आणि जो महाराष्ट्रातल्या पुणे, नाशिकसारख्या महापालिकांनाही लागू होता. म्हणजे जे सुरतेत करता आलं ते करायचे अधिकार आपल्याकडच्या आयुक्तांकडेही कागदावर होतेच. आयुक्तानं आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्याला लेखी द्यायची सोय त्यात आधीपासून आहे. सुरतेत ती सोय खरोखर वापरली.

शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या प्रमुखाला जवळजवळ आयुक्ताइतके अधिकार दिले, पैशाचेही आणि कारवाईचेही. म्हणजे गटाराचं झाकण तुटलं, पाइप फुटला, बेकायदा बांधकाम दिसलं, दिवा बंद पडला, कुठलंही खातं असो, झोनचा माणूसच बघणार आणि झोनचा माणूसच सही करणार. आधी काय व्हायचं? फाइल वॉर्डातनं निघायची, खात्याच्या प्रमुखाकडे, तिथनं हिशेबाला, तिथनं वर, आणि वरून शेरा यायचा "चर्चा करा". तोवर उघड्या गटारात एखादं जनावर नाहीतर माणूस पडलेलं असायचं. झोनचे प्रमुख बाहेरून आणलेले नव्हते, महापालिकेतलेच होते. आजवर आपापलं खातं सांभाळणाऱ्या माणसाला आता एका भागाचं सगळंच बघायचं होतं. पाणीवाला आता "कचरा माझ्याकडे नाही" म्हणू शकत नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या बाईला "दुसऱ्या मजल्यावर जा" सांगायची सोय संपली, कारण दुसरा मजलाही तोच होता.

सफाईसाठी झोनच्या खाली शहराचे ५२ सॅनिटरी वॉर्ड. प्रत्येक वॉर्डाची हद्द ठरलेली, तिथला निरीक्षक ठरलेला, मुकादम ठरलेला, कुठल्या रस्त्याला किती झाडूवाले तेही ठरलेलं. ऐकायला साधं वाटतं. पण ज्यांनी नगरपालिकेत काम केलंय त्यांना विचारा, दोन वॉर्डांच्या सीमेवरची गल्ली ही गावातली सगळ्यात घाण गल्ली का असते! कारण ती कुणाचीच नसते.

दुसरी गोष्ट ती प्रसिद्ध झालेली, "एसी टू डीसी". एअर कंडिशनरमधून डेली चोअर्सकडे, म्हणजे थंड केबिन सोडून रोजच्या कामाकडे. सकाळी साडेसातच्या सुमारास वरपासून खालपर्यंत सगळे अधिकारी आपापल्या भागात रस्त्यावर, दुपारपर्यंत तिकडेच. आयुक्तसुद्धा. केबिनमध्ये बसून फाइली बघायच्या त्या नंतर.

यात नेमकं काय घडतं ते जवळून बघू. सकाळी सातची हजेरी असते. मुकादम वही घेऊन उभा, तीस नावं, त्यातले बावीस हजर, पण वहीत अठ्ठावीसवर टिक. हे सगळीकडे चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं, निरीक्षकाला माहीत असतं, त्याच्या वरच्याला माहीत असतं, फक्त कागदावर नसतं. आता त्याच हजेरीच्या जागी साडेसातला झोनचा साहेब येऊन उभा राहिला, रोज, एक दिवस आड नाही, रोज. त्याला भाषण करावं लागत नाही. तो फक्त माणसं मोजतो. तिसऱ्या दिवशी वही खरी होते. आणि दुसरी बाजू, जी मला जास्त मोलाची वाटते, साहेबाला तिथं उभं राहिल्यावर दिसतं की हातगाडीचं चाक मोडलंय, फावड्याला दांडा नाही, बायका हातानं गटार उपसताहेत, गाडी रोज दीड तास उशिरा येते म्हणून उचललेला ढीग परत पसरतो. केबिनमध्ये त्याला "कामगार काम करत नाहीत" एवढंच कळायचं. रस्त्यावर कळतं की काम होत का नाही. आणि हातात सहीचा अधिकार आहे म्हणून चाक त्याच दिवशी बदलून मिळतं.

या दोन गोष्टी एकत्र होत्या म्हणून सुरत झालं, असं माझं ठाम मत आहे. नुसतं साहेबांना रस्त्यावर उतरवलं असतं तर ती पाहणी झाली असती, फोटो झाले असते, आणि परत येऊन त्यांनी प्रस्ताव पाठवला असता. नुसते अधिकार वाटले असते तर सहा केबिनमध्ये सहा छोटे आयुक्त बसले असते. डोळ्यानं बघणारा आणि सही करणारा माणूस एकच केला, तिथंच सगळी किल्ली आहे.

हे मी इतक्या खात्रीनं म्हणतो कारण याच्या उलटं मी स्वतः भोगलंय. एका कारखान्यात, नाव नको, आम्ही मेंटेनन्सची पद्धत बदलायला घेतली होती. छान ॲप आणलं, मशीन बंद पडलं की ऑपरेटरनं मोबाइलवर तक्रार टाकायची, सुपरवायझरला मेसेज, डॅशबोर्डवर लाल-पिवळं-हिरवं, ट्रेनिंग झालं, बॅनर लागले, उद्घाटनाला पेढे वाटले. चार महिन्यांत सगळं थंड. का? तर आठशे रुपयांचा बेल्ट घ्यायलाही तीन सह्या लागायच्या, त्यातली तिसरी सही हेड ऑफिसात, आणि तो हक्क सोडायला कोणी तयार नव्हतं. ऑपरेटरनं तक्रार टाकली, लाल झाली, लालच राहिली. सुपरवायझर रोज त्या लाल ठिपक्यासमोर उभा आणि हातात काही नाही. एक दिवस तो मला म्हणाला, "सर, आधी मशीन बंद असायचं, आता मशीन बंद आहे आणि मोबाइलपण वाजतो." मला काही बोलता आलं नाही, कारण तो शंभर टक्के बरोबर होता. आम्ही त्याला जबाबदारी दिली होती आणि ताकद वरच ठेवली होती. असं करणं हा त्या माणसावर अन्याय आहे, साध्या शब्दांत.

परत सुरतेकडे. सकाळ रस्त्यावर गेली की दुपारी आयुक्तांबरोबर सगळ्या झोनप्रमुखांची बैठक, रोज. आठवड्यातून एकदा नाही, महिन्यातून तर नाहीच. ही बैठक मला बुलडोझरपेक्षा मोठी गोष्ट वाटते. सकाळी जे पाहिलं ते दुपारी टेबलावर, ज्याला दुसऱ्या खात्याची मदत हवी तो समोरच बसलेला, तिथंच ठरायचं आणि उद्या सकाळी ते झालं की नाही हे परत रस्त्यावरच दिसायचं. एका दिवसात चक्र पूर्ण. महिन्याच्या बैठकीत माणूस कारणं घेऊन येतो कारण तीस दिवसांत काय झालं ते कुणालाच धड आठवत नसतं. रोजच्या बैठकीत कारण दोनदाच चालतं, तिसऱ्या दिवशी तेच कारण सांगायला माणसालाच लाज वाटते. शिवाय सहा झोन एकमेकांसमोर बसलेले, पलीकडच्याचा भाग साफ झाला आणि आपला नाही हे कोणी बोलून दाखवायची गरजच नाही.

नागरिकांच्या तक्रारींनाही असंच, तातडीप्रमाणे वेगळ्या रंगाची कार्डं आणि प्रत्येकाला मुदत. साथीवर नजर ठेवायला सरकारी आणि खासगी दवाखान्यांकडून आजाऱ्यांचे आकडे रोज गोळा व्हायला लागले, म्हणजे कुठल्या गल्लीत हिवताप वाढतोय ते पावसाळा संपल्यावर अहवालात कळायच्या ऐवजी त्याच आठवड्यात कळायचं. प्लेगच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं. माणसं मरायला लागल्यावर शहराला कळलं.

मुख्य रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली, कारण दिवसा गर्दीत झाडू चालतच नाही. काही कामं, गाड्या, वाहतूक, ठेकेदारांना दिली. हॉटेलं आणि खाण्याच्या गाड्यांची तपासणी, घाण दिसली तर दुकान बंद. रस्त्यावर कचरा टाकला तर ५० रुपये, परत टाकला तर दुप्पट, आणि त्याला दंड न म्हणता ॲडमिनिस्ट्रेटिव्ह चार्ज म्हणायचे, म्हणजे तुमचा कचरा उचलायला आलेला खर्च. मला हे फार आवडलं. दंड म्हटलं की कोर्ट, वकील, भांडण. खर्च म्हटलं की जागेवर पावती फाडून मोकळं.

आता बुलडोझर. बेकायदा बांधकामं पाडायची आणि रस्ते रुंद करायचे हे ठरल्यावर सुरुवात कुठून करायची हा खरा प्रश्न असतो. आपल्याकडची रीत अशी की आधी हातगाडीवाले, मग झोपड्या, आणि बिल्डरपर्यंत पोचेपर्यंत साहेबांची बदली. सुरतेत आधी वजनदार लोकांच्या बांधकामांना हात घातला. याचा परिणाम दोन बाजूंनी झाला. सामान्य माणसाला वाटलं की हा खेळ खरा आहे, आणि महापालिकेतल्या खालच्या माणसाला वाटलं की आपला साहेब मागे हटणार नाही, म्हणजे आपणही सही करायला हरकत नाही. अधिकार मिळून उपयोग नसतो, तो वापरायची भीती आधी जावी लागते. बदल सांगणाऱ्याची नियत लोक पहिल्या दोन-तीन कृतींवरून ओळखतात आणि एकदा मत बनलं की ते सहसा बदलत नाही.

पण इथं एक गोष्ट दाबून ठेवायची नाहीये. रस्ते मोकळे झाले तेव्हा गरिबांचंही गेलं. फेरीवाले हटले, टपऱ्या गेल्या, काहींची घरं गेली, आणि पर्यायी जागा प्रत्येकाला मिळाली असं नाही. झोपडपट्ट्यांमध्ये फरशा बसल्या, गटारं झाली, पैसे देऊन वापरायचे संडास आले, याचा उपयोग झालाच, काका सांगतो की वेडरोडच्या गल्लीत पहिल्यांदा पावसाळ्यात चप्पल चिखलात न अडकता चालता आलं. पण ज्याची टपरी गेली त्याला विचारलं तर तो वेगळी गोष्ट सांगेल आणि तीही तितकीच खरी. वेगानं केलेल्या बदलाची किंमत कुणीतरी देतं, आणि ती देणारा बहुधा बैठकीत नसतो. फेरीवाल्यांचा एखादा माणूस त्या दुपारच्या टेबलावर असता तर कदाचित थोडं वेगळं झालं असतं असं मला वाटतं. कामगारांचंही तसंच, कामचुकारांवर कारवाई झाली ते ठीकच, पण शिस्त आधी आली आणि सोयी मागून.

राजकारणाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. तर हाही काळ बघण्यासारखा आहे. मार्च १९९५ ला केशुभाई पटेल मुख्यमंत्री झाले, ऑक्टोबरात बंड होऊन सुरेश मेहता आले, १९९६ ला थोडा काळ राष्ट्रपती राजवट, मग शंकरसिंह वाघेला. वर एवढी उलथापालथ चालू आणि खाली सुरतेत रोज सकाळी साडेसातला माणसं रस्त्यावर. वरच्या पाठिंब्याशिवाय आयुक्त टिकत नाही हे खरंच आहे, पण शहराला फरक डोळ्यांनी दिसायला लागला की त्याला हलवणं राजकारण्यालाही जड जातं. म्हणूनच सफाईपासून सुरुवात झाली ते शहाणपणाचं होतं. कचरा उचललेला आंधळ्यालाही कळतो, वासावरून. पाण्याच्या योजनेला पाच वर्षं लागतात, तोवर लोकांचा धीर सुटतो.

१९९६ ला इन्टॅक या संस्थेनं देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेला दुसरा नंबर दिला, चंदीगडच्या खालोखाल. प्लेगला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या दिवसांत काका सुट्टीला गावी आला की आमच्या पारावर बसून सांगायचा, आमच्याकडे रात्री झाडतात, आणि कोणी विश्वास ठेवायचं नाही. आमच्याकडे दिवसाही कोणी झाडत नव्हतं.

पुढे रावांची बदली झाली. त्या वेळी सगळ्यांच्या मनात एकच, आता परत उकिरडा. आणि इथंच हे प्रकरण बाकीच्या "कडक अधिकारी" गोष्टींपेक्षा वेगळं ठरतं. आपण कितीतरी वेळा पाहिलंय, चांगला अधिकारी गेला की महिन्याभरात त्याची पाटी तेवढी उरते. सुरतेत तसं झालं नाही. अमुक माणूस चांगला होता म्हणून नाही, झोन राहिले म्हणून. सहीचे अधिकार झोनमध्ये होते ते परत वर ओढले गेले नाहीत, सॅनिटरी वॉर्ड राहिले, रात्रीची सफाई राहिली, साथीचे आकडे राहिले. नंतर येणाऱ्या आयुक्तानं नवीन काही केलं नाही तरी गाडी चालू राहणार होती, कारण ती चालवणारी माणसं तीच होती आणि त्यांना अधिकाराची सवय झाली होती. एकदा स्वतःच्या सहीनं काम करून दाखवलेला माणूस परत "वरून मंजुरी येऊ दे" म्हणायला राजी होत नाही. आणि लोकांनाही सवय लागली होती, घाण दिसली की झोन ऑफिसात जाऊन भांडायची. स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२१ आणि २०२२ असं तीनदा सुरत देशात दुसरं आलं आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिलं.

सुरतच्या प्लेगनं बाकी देशालाही हलवलं. १९९५ ला नियोजन आयोगाच्या बजाज समितीनं घनकचऱ्यावर शिफारशी केल्या, १९९६ ला अलमित्रा पटेल कचऱ्याच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि २००० साली शहरांच्या घनकचऱ्याचे पहिले नियम आले. ओला-सुका वेगळा करा म्हणून आज सोसायटीत जी भांडणं होतात त्यांचं मूळ तिथं आहे. पण नियम सगळ्या शहरांना मिळाले आणि सुरतेसारखं थोड्याच ठिकाणी झालं, कारण नियमाबरोबर सही खाली गेली नाही.

ऑगस्ट २००६ ला तापीला परत पूर आला, उकाई धरणातनं पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बराचसा भाग बुडाला. १९९४ पेक्षा कितीतरी मोठा पूर. वेडरोडला काकाच्या चाळीचा तळमजला पूर्ण पाण्याखाली, तो आणि काकू शेजाऱ्यांबरोबर वरच्या मजल्यावर, वीज नाही, पाणी नाही, फोन लागेना. इकडे गावात आजीच्या तोंडाला पाणी नाही, तिला परत तेच दिसत होतं. पाणी उतरल्यावर कुठूनतरी त्याचा फोन लागला. आजीनं पहिलं वाक्य हेच म्हटलं की सगळं सोड आणि गाडीत बस, या वेळी तुला अंगणात नाही ठेवणार.

काका म्हणाला, आई, चिखल गुडघाभर आहे, पण गाड्या आल्यात. वॉर्डाची माणसं आलीत, जनावरं उचलून नेली, पावडर टाकताहेत, टँकर येतोय, क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या. गल्लीतली सगळी पोरं फावडी घेऊन त्यांच्याबरोबर लागलीत, मी पण चाललोय. आणि लूम पुसायचा आहे, मोटर भिजली.

तो आला नाही. दिवाळीला आला, नेहमीसारखा, पिशवीत घारी घेऊन.